‘प्लस फोर’ वेगळं, ‘बॅलन्स्ड’ वेगळं

नाशिकात एखाद्या छोट्या स्टुडिओत जुनं स्पूल मशीन (रिळांवरच्या टेपचा रेकॉर्डर) आलं की हमखास विचारलं जातं, “प्रोफेशनल आहे ना? म्हणजे बॅलन्स्ड?” एका दमात विचारलेले हे दोन प्रश्न आहेत आणि एकाच्या उत्तरावरून दुसऱ्याचं कळत नाही. पंचवटीतल्या एखाद्या वाड्यात जपलेल्या कीर्तनाच्या स्पूल लॅपटॉपवर उतरवायच्या असोत किंवा ढोल-ताशा पथकाचं वादन टेपवर घ्यायचं असो, हे दोन प्रश्न सुटे केल्याशिवाय जोडणी नीट होत नाही.

पहिला प्रश्न लेव्हलचा: मशीनच्या मीटरचा काटा शून्यावर असताना बाहेर किती व्होल्ट येतात? प्रोफेशनल लेव्हल प्लस फोर, म्हणजे १.२२८ व्होल्ट; घरगुती लेव्हल मायनस टेन, म्हणजे ०.३१६ व्होल्ट. चार आणि दहा मिळून फरक १४ डीबी (डेसिबल) होतो असं अनेकजण धरून चालतात, पण या दोन आकड्यांची मोजपट्टीच वेगळी आहे. प्लस फोर मोजतात डीबीयूमध्ये, तिथे शून्य म्हणजे ०.७७५ व्होल्ट. मायनस टेन मोजतात डीबीव्हीमध्ये, तिथे शून्य म्हणजे १ व्होल्ट. त्यामुळे खरा फरक ११.८ डीबी, म्हणजे जवळपास चौपट व्होल्टेज.

दुसरा प्रश्न तारांचा. अनबॅलन्स्ड जोडणीत एक सिग्नलची तार आणि भोवती शिल्ड, म्हणजे तारेचं जाळीदार आवरण, तीच परतीची वाट. बॅलन्स्डमध्ये शिल्डच्या आत दोन तारा, आणि घेणारं यंत्र त्या दोघींमधला फरक तेवढा उचलतं. वाटेत शिरलेली भुणभुण दोन्ही तारांवर सारखीच चढते, म्हणून वजाबाकीत ती गळून जाते. त्यासाठी दोन्ही तारांचा जमिनीशी असलेला इम्पिडन्स (सिग्नलला होणारा विरोध) सारखा हवा, एवढीच खरी अट आहे. दोन्हींवर सिग्नल असलाच पाहिजे असंही नाही. बऱ्याच छोट्या मिक्सरचं आउटपुट असंच असतं: सिग्नल एकाच तारेवर, दुसरीवर फक्त तेवढाच रेझिस्टर, तरी भुणभुण कटते. बॅलन्सचा आवाजाच्या जोराशी संबंध नाही, याचा याहून स्वच्छ पुरावा मला माहीत नाही.

मग गल्लत होते कुठून? या दोन गोष्टी बहुतेक वेळा जोडीनेच येतात, तिथून. १९७७ साली आलेलं रिव्हॉक्सचं बी७७ घ्या: आरसीए पिना (मधे एक पिन, बाहेर कडं), घरगुती लेव्हल. त्यावरूनच रेडिओ स्टेशनांसाठी बनवलेलं पीआर९९ घ्या: एक्सएलआर (तीन पिनांचा प्लग: एक नंबरला शिल्ड, दोन आणि तीनला सिग्नलच्या तारा), बॅलन्स्ड, प्रोफेशनल लेव्हल. टेप ओढणारी यंत्रणा बरीचशी तीच. अशी मशिनं शेजारी पाहिली की एक्सएलआर म्हणजे प्लस फोर, आरसीए म्हणजे मायनस टेन हे डोक्यात पक्कं बसतं. आरसीएच्या बाबतीत ते बरेचदा खरं निघतं. पी-३८ जॅकच्या (पाव इंची जाड जॅकच्या) बाबतीत मात्र काहीच सांगता येत नाही. तो मोनो (शिल्डच्या आत एक तार) असू शकतो, स्टिरिओ (दोन तारा) असू शकतो, आणि लेव्हल दोन्हींपैकी कुठलीही.

दुसरं मूळ अधिक फसवं आहे. दोन्ही तारांवर उलटसुलट सिग्नल देणाऱ्या आउटपुटमधून एकच तार उचलली तर व्होल्टेज निम्मं मिळतं, म्हणजे ६ डीबी कमी. तारांची बाब बदलली आणि परिणाम लेव्हलवर दिसला, मग माणूस दोन्ही एकच समजणारच. त्यातून आउटपुटच्या आत काय आहे यावर केबलही बदलते. स्टुडरसारख्या जुन्या स्टुडिओ मशीनमध्ये आउटपुटला ट्रान्सफॉर्मर असेल आणि ते अनबॅलन्स्ड इनपुटला द्यायचं असेल, तर तीन नंबरची पिन एक नंबरला जोडावीच लागते. ती लोंबकळत ठेवली तर आवाज कृश येतो किंवा येतच नाही. जोडली की लेव्हल मात्र पूर्ण मिळते. साध्या आयसीवर चालणाऱ्या आउटपुटला नेमकं उलट करायचं: तीन नंबरची पिन मोकळी सोडायची, कारण ती शॉर्ट केली तर आयसीवर ताण येतो. एमजी रोडवरून “एक्सएलआर टू आरसीए” अशी तयार केबल आणताना आत कुठली पिन कुठे जोडली आहे ते उघडून पाहिलंच पाहिजे.

लेव्हल जुळली नाही तर काय होतं? मायनस टेनचं मशीन प्लस फोरच्या इनपुटला दिलं तर आवाज १२ डीबी खाली येतो. गेन वाढवा, काम भागतं. टेपची सळसळ इंटरफेसच्या (आवाज लॅपटॉपमध्ये नेणाऱ्या डब्याच्या) स्वतःच्या सळसळीपेक्षा एरवीही मोठीच असते. उलट दिशा मात्र महागात पडते. प्लस फोरचा मिक्सर मायनस टेनच्या मशीनला दिला आणि रेकॉर्ड लेव्हलचं बटण इनपुट अँप्लिफायरच्या नंतर असेल, तर बटण कमी करून मीटरचा काटा शहाण्यासारखा शून्यावर आणता येतो, पण सिग्नल त्याआधीच कापला गेलेला असतो. टेप सॅच्युरेट होते, म्हणजे तिची क्षमता भरते, तेव्हा आवाजाच्या लहरीची टोकं हळूहळू गोलावतात. इनपुट क्लिप होतं तेव्हा ती कात्रीने कापल्यासारखी सपाट होतात. नाशिक ढोलच्या रेकॉर्डिंगमध्ये हे विशेष सांभाळा. व्हीयू मीटरच्या काट्याला शून्यापर्यंत चढायला सुमारे ३०० मिलिसेकंद लागतात, आणि ताशाची थाप तेवढ्यात येऊन गेलेली असते. तिचं शिखर काट्याने दाखवलेल्या आकड्याच्या कितीतरी वर असतं. ताशासाठी काटा मुद्दाम खाली ठेवावा, असं माझं ठाम मत आहे.

भुणभुण ऐकू आली तर लेव्हलशी खेळू नका. आधी सगळ्या ऑडिओ केबल काढून मशीनला थेट हेडफोन लावा. तिथेही भुणभुण असेल तर दोष मशीनमध्ये आहे, किंवा शेजारच्या अँप्लिफायरचा पॉवर ट्रान्सफॉर्मर प्लेबॅक हेडच्या फार जवळ आहे. तिथे बॅलन्स्ड केबल काहीही करू शकत नाही. अँप्लिफायर लांब सरकवा. हेडफोनवर शांत आणि लॅपटॉप जोडल्यावर भुणभुण असेल, तर चार्जर काढून पाहा. गेली तर अर्थिंगचा लूप आहे, आणि त्यावर उपाय ऑडिओ केबलच्या मधे आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर घालण्याचा. थ्री-पिनची अर्थ पिन काढून टाकू नका. २३० व्होल्टवर चालणाऱ्या लोखंडी पेटीला हात लावायचा आहे, अर्थशिवाय तो जिवाशी खेळ आहे.

एकास-एक आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर भुणभुण घालवतो, लेव्हल आहे तशीच ठेवतो. १२ डीबीचा पॅड (सिग्नल कमी करणारी रेझिस्टरांची जोडणी) लेव्हल जुळवतो, भुणभुण आहे तशीच ठेवतो. चारास-एक ट्रान्सफॉर्मर मात्र प्लस फोरहून मायनस टेनला जाताना दोन्ही कामं करतो, कारण चौपट म्हणजे १२ डीबी. त्यालाच उलटा लावून घरगुती मशीनचा आवाज वाढवायला जाऊ नका. इम्पिडन्स सोळापट बदलतो, आणि पुढचं इनपुट १० किलोओहमचं असेल तर मशीनला ते जेमतेम ६२५ ओहमचं भासतं. तेवढा भार आरसीए आउटपुटला झेपत नाही. त्या दिशेला विजेवर चालणारा लाइन कन्व्हर्टरच घ्यावा.

माहितीपुस्तिका नसेल तर साधा मल्टिमीटर पुरतो. स्वस्त मीटर ४००-५०० हर्ट्झच्या वर भरवशाचा नसतो, म्हणून लॅपटॉपवरून २०० हर्ट्झचा टोन मशीनला द्या, काटा शून्यावर आणा आणि एसी व्होल्टवर मोजा. आरसीएवर मधली पिन आणि बाहेरचं कडं, एक्सएलआरवर दोन आणि तीन नंबरच्या पिना. १.२ च्या आसपास आलं तर प्लस फोर, ०.३ च्या आसपास आलं तर मायनस टेन. मग एक्सएलआरवर दोन आणि एक नंबरमध्ये, आणि तीन आणि एक नंबरमध्ये मोजा. दोन्हीकडे निम्मं-निम्मं आलं तर सिग्नल दोन्ही तारांवर आहे. दोनवर पूर्ण आणि तीनवर काहीच नसेल तर तो एकाच तारेवर आहे. तीन नंबर आत रेझिस्टरवर आहे की सरळ जमिनीला, हे मशीन बंद करून ओहमवर पाहायचं. आणि आकडा स्थिरच होत नसेल तर आत बहुधा ट्रान्सफॉर्मर आहे, अनबॅलन्स्ड केबलमध्ये तीन नंबर एकला जोडायची.