अमेरिकेत तिकीट कुणी देत नाही

२०२८च्या अमेरिकी अध्यक्षपदाची चर्चा मराठीत सुरू झाली आणि जुना घोळ पुन्हा हजर झाला. कुणाची उमेदवारी पक्की, कुणाला तिकीट मिळणार, पक्षश्रेष्ठींच्या मनात कोण, हीच भाषा. मतदान आहे ७ नोव्हेंबर २०२८ला, म्हणजे हे सगळं अजून बराच काळ ऐकायचं आहे. निदान ऐकताना घोळ तरी नको.

२०२३मध्ये माझ्या मामांनी फोनवर विचारलं होतं, "काय रे, त्या रामस्वामीला तिकीट मिळालं म्हणे?" मामा चाळीस वर्षं तालुक्याचं राजकारण जवळून बघतात. कोण कुठल्या गटात जाणार हे ते महिनाभर आधी सांगतात. त्यांची समज कमी पडली नव्हती, त्यांना मिळालेला शब्द चुकीचा होता. भारतीय वंशाचे उद्योजक विवेक रामस्वामी यांनी फक्त आपण २०२४ची अध्यक्षपदाची निवडणूक लढणार असं जाहीर केलं होतं. बातमीत आलं 'उमेदवार', आणि मामांनी त्याचा आपल्याकडचा सरळ अर्थ लावला.

इंग्रजीत दोन शब्द आहेत, कँडिडेट आणि नॉमिनी. पहिला म्हणजे मैदानात उतरलेला माणूस. दुसरा म्हणजे पक्षाने ज्याच्या नावावर शिक्का मारला तो. मराठीत आपण दोघांनाही उमेदवार म्हणतो आणि इथेच सगळं बिघडतं. खरं तर पहिल्यासाठी आपल्याकडे नेमका शब्द तयार आहे: इच्छुक. ग्रामपंचायतीपासून लोकसभेपर्यंत आपण तो बिनचूक वापरतो. अमेरिकेची बातमी लिहितानाच तो का सुटतो, हे मला खरोखर कळत नाही.

आपल्याकडची रीत तुम्हाला पाठ आहे, तेव्हा थोडक्यात. इच्छुक गुडघ्याला बाशिंग बांधून बसतात, मुलाखती होतात, मुंबई-दिल्लीच्या वाऱ्या होतात, आणि शेवटी ज्याच्या हातात एबी फॉर्म पडतो तो उमेदवार. राष्ट्रपतिपदाला तर चर्चेतलं नाव आणि प्रत्यक्ष नाव यांचा संबंध आणखी सैल. २००७मध्ये शिवराज पाटील यांचं नाव चर्चेत होतं आणि उमेदवारी प्रतिभाताई पाटील यांना मिळाली. २०१७मध्ये रामनाथ कोविंद यांचं नाव जाहीर झालं तेव्हा बहुतेकांना धक्काच बसला. दोन्ही वेळा निर्णय मोजक्या लोकांनी बंद खोलीत घेतला आणि महिन्या-दीड महिन्यात मतदानही उरकलं.

किरकोळ फरक एका दमात सांगून टाकतो. आपले ते राष्ट्रपती, त्यांचे ते राष्ट्राध्यक्ष किंवा अध्यक्ष. दोन्हीकडे निवड अप्रत्यक्ष आहे, पण आपल्याकडे खासदार-आमदार मत देतात आणि तिकडे जनतेच्या मतांवरून ठरलेले ५३८ प्रतिनिधी. आणि अमेरिकेच्या 'मध्यावधी निवडणुका' म्हणजे सरकार पडल्यामुळे लागलेल्या निवडणुका नव्हेत. त्या दर चार वर्षांच्या मधोमध ठरलेल्या वेळीच होतात. यात फारसं कुणी अडखळत नाही.

अडखळायला होतं ते इच्छुक आणि उमेदवार यांच्यामधल्या रस्त्यावर. अमेरिकेत इच्छुक व्हायला कुणाचीही परवानगी लागत नाही. आपल्या राष्ट्रपतिपदासाठी ५० सूचक, ५० अनुमोदक आणि १५,००० रुपये अनामत लागते. तिकडे ५,००० डॉलरपेक्षा जास्त पैसे जमवले किंवा खर्च केले, की कायद्याच्या नजरेत तुम्ही कँडिडेट झालात. मग १५ दिवसांत संघीय निवडणूक आयोगाकडे एक साधा अर्ज द्यायचा. पैसे नसले तरी अर्ज देता येतो. एकेका निवडणुकीत असे हजारावर अर्ज येतात. २०१५मध्ये आयोवातल्या एका पंधरा वर्षांच्या मुलाने गमतीचं नाव घेऊन अर्ज भरला आणि नॉर्थ कॅरोलायनातल्या एका जनमत चाचणीत त्या नावाला ९ टक्के मिळाले. अध्यक्ष व्हायला किमान वय ३५ लागतं, पण अर्ज घेताना आयोग ते तपासत बसत नाही. ट्रम्प यांनी २०२०साठीचा अर्ज २० जानेवारी २०१७ला, म्हणजे शपथ घेतली त्याच दिवशी दिला होता. तेव्हा 'अमक्याने अर्ज दाखल केला' एवढ्यावरून काहीच ठरत नाही.

उलट, ज्यांचं खरंच वजन आहे ते अर्ज लांबवतात, आणि इथे मराठी वाचकाची सर्वांत मोठी फसगत होते. आपला नेता 'अजून काही ठरलेलं नाही' म्हणाला, की त्यामागचं कारण आपल्याला ठाऊक असतं: श्रेष्ठी नाराज होतील, घाई दिसेल, पत्ता कापला जाईल. तेच वाक्य अमेरिकी नेत्याच्या तोंडी आलं, की आपण तोच अर्थ लावतो. तिकडे त्या वाक्यामागे बहुतेकदा पैशाचा कायदा असतो.

अमेरिकी कायद्यात चाचपणीला जागा आहे. लढून जमेल का हे बघण्यासाठी फिरा, चाचण्या घ्या, पैसेही गोळा करा, तोवर तुम्ही कँडिडेट धरले जात नाही. पण 'मी कँडिडेट आहे' असं बोललात की सवलत संपली. म्हणून ही मंडळी 'विचार करतोय', 'कुटुंबाशी बोलतोय' एवढंच बोलतात. त्यात वकिलाचा सल्ला असतो.

रिपब्लिकन पक्षाचे जेब बुश यांचं उदाहरण बघा, वडील आणि भाऊ दोघेही माजी अध्यक्ष. २०१५च्या पहिल्या सहा महिन्यांत 'राइट टू राइज' या त्यांच्या बाजूच्या सुपर पॅकने १० कोटी डॉलरपेक्षा जास्त रक्कम जमवली. सुपर पॅक म्हणजे अमर्याद देणगी घेऊ शकणारा, पण कँडिडेटपासून वेगळा राहणं बंधनकारक असलेला गट. जाहीर कँडिडेटला मात्र एका माणसाकडून एका निवडणुकीसाठी तेव्हा २,७०० डॉलरच घेता येत होते, आणि सुपर पॅकसाठी अमर्याद पैसे मागायलाही त्याला बंदी. बुश जोवर 'अजून ठरवलं नाही' म्हणत होते तोवर त्या गटासाठी मोठ्या देणग्या मागू शकत होते. तिजोरी भरल्यावर १५ जून २०१५ला त्यांनी जाहीर केलं. पुढे फेब्रुवारी २०१६मध्ये, पक्षांतर्गत मतदानात तीनच राज्यांचे कौल आल्यावर, त्यांनी माघार घेतली. सगळी चर्चा, सगळा पैसा आणि घराण्याचं नाव एवढं असूनही.

आता दुसरं टोक: नॉमिनी कोण ठरवतं? मामांना मी हेच सांगायला अर्धा तास घेतला. तिकीट देणारी खुर्चीच तिथे नाही. प्रत्येक राज्यात पक्षाच्या मतदारांची प्रायमरी (पक्षांतर्गत मतदान) किंवा कॉकस (सभा घेऊन दिलेला कौल) होते. त्या मतांवरून पक्षाचे प्रतिनिधी वाटले जातात आणि उन्हाळ्यातल्या अधिवेशनात ज्याच्या बाजूला निम्म्याहून जास्त प्रतिनिधी, तो नॉमिनी. २०२४मध्ये रिपब्लिकनांचे एकूण २,४२९ प्रतिनिधी होते, जिंकायला १,२१५ लागत होते. हा आकडा गाठेपर्यंत कुणीही उमेदवार नसतो, सगळे इच्छुकच.

पूर्वी असं नव्हतं. १९६८मध्ये उपाध्यक्ष ह्यूबर्ट हम्फ्री एकही प्रायमरी न लढता डेमोक्रॅटिक पक्षाचे उमेदवार झाले. पक्षातल्या पुढाऱ्यांनी ठरवलं आणि झालं, अगदी आपल्यासारखं. शिकागोच्या त्या अधिवेशनाबाहेर रस्त्यावर पोलीस आणि निदर्शक भिडले, पक्षाने नियम बदलले, आणि १९७२पासून प्रायमरीला खरं वजन आलं. २०१६मध्ये त्याची कसोटी लागली. आधीच्या निवडणुकीतले पक्षाचे उमेदवार मिट रॉमनी यांनी मार्चमध्ये खास भाषण करून ट्रम्प यांना विरोध केला, आणखीही अनेक बडे नेते विरोधात होते. तिकीट त्यांच्या हातात असतं तर ट्रम्प यांना मिळालं नसतं. पण ते त्यांच्या हातात नव्हतं.

यावर नेहमी येणारा प्रश्न: मग २०२४मध्ये कमला हॅरिस यांना तिकीट दिलंच ना? नाही. बायडेन यांनी २१ जुलैला माघार घेतली तेव्हा प्रायमरी संपल्या होत्या आणि प्रतिनिधी निवडून आले होते. बायडेन यांनी हॅरिस यांना पाठिंबा दिला, पण ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात ऑनलाइन मतदान झालं ते त्याच प्रतिनिधींचं. मतदारांना दुसरी संधी मिळाली नाही ही तक्रार रास्त आहे, मला स्वतःला ती पटते. तरीही मोजली गेली ती प्रतिनिधींची मतं. आणि याच हॅरिस २०१९मध्ये जानेवारीपासून डिसेंबरपर्यंत कँडिडेट होत्या. पहिलं मत पडायच्या आधीच त्या बाहेर पडल्या. त्या वर्षभर त्यांना उमेदवार म्हणणं चूक होतं.

आपल्याकडच्या वाचकाला प्रायमरी समजवायला मी हल्ली श्री ठाणेदार यांचं नाव घेतो. चिकोडीत जन्मलेला, बेळगावात वाढलेला हा मराठी माणूस २०१८मध्ये मिशिगनच्या गव्हर्नरपदासाठी डेमोक्रॅटिक प्रायमरी लढला. पक्षाकडे तिकीट मागायला ते गेले नाहीत, स्वतःचा पैसा घातला आणि मतपत्रिकेवर नाव आणलं. तिघांत तिसरे आले. २०२२मध्ये काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या, जागेसाठीची प्रायमरी जिंकले आणि मग तिथे निवडून गेले. अध्यक्षपदाच्या चर्चेत मात्र त्यांचं नाव कुणी घालू नये: जन्माने अमेरिकी नागरिक असणं ही राज्यघटनेचीच अट आहे. ट्रम्प यांचंही तसंच. दोनदा निवडून आलेल्याला बाविसावी घटनादुरुस्ती पुन्हा निवडून येऊ देत नाही.

या सुरुवातीच्या काळातल्या जनमत चाचण्यांवर माझा विश्वास नाही, आणि त्यांवरून मराठीत मोठे लेख पाडले जातात तेव्हा चीड येते. २००७मध्ये बराच काळ रिपब्लिकनांत न्यू यॉर्कचे माजी महापौर रूडी ज्युलियानी पुढे होते. एकही राज्य न जिंकता जानेवारी २००८मध्ये ते घरी गेले. उमेदवार झाले जॉन मॅकेन, ज्यांच्या प्रचाराची तिजोरी २००७च्या उन्हाळ्यात जवळपास रिकामी झाली होती. एवढ्या आधी चाचणीत मोजली जाते ती नावाची ओळख.

मग बघायचं काय? राज्याराज्यांतल्या मुदती. आपल्याकडे अर्ज एकदाच भरायचा असतो. तिकडे प्रत्येक राज्याच्या मतपत्रिकेवर येण्यासाठी वेगळी नोंदणी, वेगळी फी, वेगळी शेवटची तारीख. न्यू हॅम्पशायरमध्ये त्यासाठी १,००० डॉलर भरावे लागतात. १९९१मध्ये न्यू यॉर्कचे गव्हर्नर मारिओ क्युओमो यांच्या नावाची चर्चा महिनोन्‌महिने चालली होती. २० डिसेंबर हा न्यू हॅम्पशायरच्या नोंदणीचा शेवटचा दिवस. न्यू यॉर्क राज्याची राजधानी ऑल्बनीच्या विमानतळावर त्यांना न्यायला विमान तयार उभं होतं. दुपारी क्युओमो पत्रकारांसमोर आले आणि राज्याच्या अंदाजपत्रकाचा तिढा सुटलेला नाही, आपण लढणार नाही, असं त्यांनी सांगितलं. विमान जागेवरच राहिलं आणि फेब्रुवारीतल्या प्रायमरीच्या मतपत्रिकेवर त्यांचं नाव नव्हतं.