पटकी

पटकी : (कॉलरा, हैजा). दूषित पाणी व अन्न यांवाटे पसरणारा लहान आतड्याचा तीव्र रोग. स्वल्पविरामासारखा वाकडा, एकाच कशाभिकेच्या (शेपटीसारख्या तंतूच्या) बळावर वेगाने पोहणारा ‘व्हिब्रिओ कॉलरी’ हा जंतू त्याला कारणीभूत असतो. लक्षणे काही तासांत ते पाच दिवसांत दिसू लागतात.

रोगाच्या प्राचीनतेविषयी एकमत नाही. सुश्रुतसंहितेतील विसूचिका म्हणजे पटकीच, असे काही अभ्यासक मानतात. मात्र ते वर्णन कोणत्याही तीव्र ढाळवांतीला लागू पडेल. गार्सिया द ऑर्ता या पोर्तुगीज वैद्याच्या १५६३ साली गोव्यात छापलेल्या ग्रंथातील रुग्ण (मंद नाडी, थंड पडलेले अंग, खोल गेलेले डोळे, पायांत गोळे) पटकीशी अधिक जुळतो. त्यामुळे १८१७ ची बंगालमधील जेसोरची साथ हा रोगाचा जन्म नसून त्याच्या जागतिक प्रसाराचा आरंभ होय, हे मत जास्त ग्राह्य वाटते.

ती साथ १८१८ च्या मे महिन्यात नागपुरास, तर ऑगस्टमध्ये मुंबईस पोचली. त्याच वर्षी खानदेश पेशव्यांकडून कंपनी सरकारकडे गेला. सैन्याची ये-जा पाहता तापी खोऱ्यात ती छावण्यांबरोबर आली असावी. खानदेशातील अनेक गावांत मरीमातेचे ठाणे असून तिच्या यात्रेत बारागाड्या ओढतात. ही देवता केवळ पटकीची मानण्यापेक्षा एकूण साथींची मानणे सयुक्तिक ठरेल.

जंतू प्रथम इटालियन शरीरशास्त्रज्ञ पाचिनी यांनी फ्लॉरेन्स येथे १८५४ मध्ये पाहिला. जर्मन जंतुशास्त्रज्ञ कॉख यांनी १८८४ मध्ये कलकत्त्यात तो वेगळा काढला. श्रेय दीर्घकाळ कॉख यांनाच मिळाले, हे पाचिनींवर अन्यायकारक होते. जंतू आतड्याच्या भिंतीत शिरत नाही, रक्तातही उतरत नाही. सारा अपाय त्याच्या विषाचा. शंभुनाथ डे यांनी १९५९ मध्ये कलकत्त्यात सशाच्या आतड्यावर प्रयोग करून हे दाखवले. विषाचे पाच घटक पेशीला चिकटतात, सहावा आत शिरून क्षार बाहेर सोडणारी यंत्रणा सतत चालू ठेवतो. क्षारांमागोमाग पाणी ओघळते. जुलाब तांदळाच्या धुवणासारखे होतात ते यामुळे. हे विष बनवणारी जनुके मुळात जंतूची नसून त्याच्यात वस्तीला आलेल्या एका विषाणूची असतात.

मात्र साखरेबरोबर मीठ शोषून घेण्याची आतड्याची क्षमता या रोगात शाबूत राहते. याच आधारावर दिलीप महालनबीस यांनी १९७१ मध्ये पश्चिम बंगालमधील बनगावच्या निर्वासित छावणीत मीठ-साखरेचे पाणी पाजून मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ३.६ टक्क्यांवर आणले. विसाव्या शतकातील इतका स्वस्त आणि इतका जीवरक्षक उपाय क्वचितच सापडेल. रुग्ण ग्लानीत असल्यास शिरेवाटे सलाईन देणे अनिवार्य असते.

प्रतिबंध : खानदेशात उन्हाळ्यात लहान नद्या आटल्या की पात्रातील वाळूत झिरे खणून पाणी भरतात; सातपुड्याच्या पाड्यांवर तर हा नेहमीचाच आधार. उघड्या झिऱ्यात पहिल्या पावसाबरोबर काठची घाण उतरते. ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक विहिरीत किंवा टाकीत टीसीएल (ब्लीचिंग) पावडरचे द्रावण टाकतो आणि तासाभराने ओटी (ऑर्थोटोलिडीन) चाचणी घेतो : नळीतील पाण्यात ओटी द्रावणाचे थेंब टाकताच पिवळा रंग आला, तर क्लोरीन शिल्लक आहे असे समजावे. लिटरमागे किमान ०.५ मिलिग्रॅम शिल्लक हवे. गढूळ पाण्यात क्लोरीन गाळातच खर्ची पडते, म्हणून पुरानंतर नेहमीची मात्रा पुरत नाही.