हायडॅटिड पुटी: रुग्ण एक, तपासणी घरातल्या सगळ्यांची

एखाद्याच्या यकृतात हायडॅटिड पुटी, म्हणजे पट्टकृमीच्या अळीपासून वाढलेली आणि पाण्यासारख्या द्रवाने भरलेली पिशवी, सापडली की घरच्यांना पहिली काळजी वाटते ती संसर्गाची. हा आजार रुग्णापासून कोणालाही होत नाही, त्यामुळे त्याचे ताट वेगळे करण्याचे कारण नाही. तरीही घरातल्या इतरांची तपासणी करणे शहाणपणाचे ठरते, कारण ज्या कुत्र्याच्या किंवा मातीच्या संपर्कातून एकाला लागण झाली, त्याच परिसरात बाकीचेही वर्षानुवर्षे वावरलेले असतात.

'एकायनोकॉकस ग्रॅन्युलोसस' हा पट्टकृमी जेमतेम २ ते ७ मिलिमीटर लांबीचा असतो आणि कुत्र्याच्या आतड्यात तो हजारोंच्या संख्येने राहत असला तरी कुत्रा धडधाकट दिसतो. विष्ठेवाटे बाहेर पडलेली त्याची अंडी मेंढ्या-गुरांच्या पोटात जातात, त्यांच्या यकृतात व फुप्फुसांत पुटी तयार होतात, आणि ते कच्चे अवयव कुत्र्याने खाल्ले की चक्र पूर्ण होते. माणूस या चक्रात चुकून सापडतो, तोही मांस खाऊन नव्हे, तर हातांवरून, भाज्यांवरून किंवा पाण्यातून अंडी पोटात गेल्यामुळे. म्हणूनच 'घरी कुत्रा आहे का?' एवढेच विचारणे मला अपुरे वाटते. तो मोकाट फिरतो का, कच्चे अवयव खातो का आणि त्याला जंताचे औषध शेवटचे कधी दिले, यांच्या उत्तरांतून धोक्याचा खरा अंदाज येतो.

पुटी अनेक वर्षे कोणतेही लक्षण न दाखवता वाढू शकते. बल्गेरिया, रोमानिया आणि तुर्कस्तानच्या ग्रामीण भागांत २०१४-१५ मध्ये २४,६९३ लोकांची पोटाची सोनोग्राफी केली, तेव्हा हजारी सुमारे ४ ते ६ जणांना हा आजार असल्याचा अंदाज निघाला. तपासणीची सुरुवात सोनोग्राफीने करणे योग्य, कारण अगदी सुरुवातीच्या, निष्क्रिय झालेल्या किंवा फुप्फुसातल्या पुटी असताना रक्तातील प्रतिपिंडांची (अँटीबॉडींची) चाचणी अनेकदा नकारात्मक येते. पोटाच्या सोनोग्राफीत फुप्फुसे मात्र तपासली जात नाहीत. त्यासाठी छातीचा एक्स-रे लागतो.

पुटी सापडली म्हणजे लगेच शस्त्रक्रिया, असेही नाही. लहान सक्रिय पुटीवर अल्बेन्डाझोल हे जंतनाशक औषध पुरेसे ठरू शकते, तर निष्क्रिय पुटीवर ठरावीक काळाने सोनोग्राफी करून नुसते लक्ष ठेवतात. या आजाराची शंका असताना पूर्वतयारीशिवाय पुटीत सुई घालणे मात्र धोक्याचे असते, कारण द्रव सांडल्यास तीव्र ॲलर्जी उद्भवू शकते आणि पोटात नव्या पुटीही रुजू शकतात.

कुत्र्यावरचे उपचार त्याच वेळी सुरू करावेत. प्राझिक्वान्टेल या जंतनाशक औषधाने कृमी मरतात, पण अंडी मरत नाहीत, त्यामुळे औषध दिल्यानंतरचे काही दिवस कुत्र्याला बांधून ठेवून त्याची विष्ठा हातमोजे घालून गोळा करावी आणि जाळून टाकावी किंवा खोल पुरावी.