नॉर्थ कॅरोलिनाचं कॉन्फेडरेट पेन्शन, १९०१चा कायदा: पात्रता, कागदपत्रं आणि अर्ज कुठे अडतो

अमेरिकेच्या यादवी युद्धात (१८६१ ते १८६५) दक्षिणेच्या, म्हणजे कॉन्फेडरेट सैन्यातून लढलेल्या माणसाला वॉशिंग्टनहून पेन्शन नव्हतं. केंद्राचं पेन्शन युनियनच्या, म्हणजे उत्तरेच्या, सैनिकांसाठी होतं, आणि हा ज्या सरकारसाठी लढला ते सरकार १८६५ सालीच संपलं. म्हणून म्हातारपणी त्याला जे काही मिळालं ते राज्याच्या तिजोरीतून. प्रत्येक राज्याचा कायदा वेगळा, अटी वेगळ्या, रक्कम वेगळी. इथे नॉर्थ कॅरोलिनाची पद्धत घेतली आहे. रॉली, कॅरी, डरहॅम या पट्ट्यात आज बरीच मराठी घरं आहेत आणि हे अर्ज रॉलीच्याच राज्य अभिलेखागारात जपलेले आहेत. कागद हातात आला तर तो वाचता यावा, म्हणून पुढे सगळं अर्जदाराच्या बाजूने, वर्तमानकाळात सांगितलं आहे.

कोणत्या राज्यात अर्ज करायचा, इथेच पहिली चूक होते. ज्या राज्याच्या पलटणीत होता तिथे अर्ज करायचा नसतो, आज जिथे राहतो तिथे करायचा असतो. व्हर्जिनियाच्या पलटणीतला माणूस नॉर्थ कॅरोलिनात येऊन राहिला असेल, तर त्याचा अर्ज नॉर्थ कॅरोलिनातच. त्यासाठी अर्जापूर्वीचे सलग बारा महिने तो इथला खरा रहिवासी असला पाहिजे. उलट इथला सैनिक टेक्सासला गेला असेल तर त्याला टेक्सासचा १८९९चा कायदा लागू होतो, आणि तिथली अट कडक आहे: १ जानेवारी १८८० पूर्वीपासून त्या राज्यात वास्तव्य हवं. जो न्यूयॉर्क किंवा कॅलिफोर्नियाला गेला त्याला काहीच नाही, कारण तिथे असा कायदाच नाही.

नॉर्थ कॅरोलिनाने सुरुवात केली ती कृत्रिम अवयवांपासून. १८६६ साली राज्याने पाय गमावलेल्यांना लाकडी पाय द्यायला सुरुवात केली. ज्याला तो नको असेल त्याला पायाऐवजी ७० डॉलर आणि हाताऐवजी ५० डॉलर रोख. दोन्ही डोळे, दोन्ही हात किंवा दोन्ही पाय गेलेल्यांसाठी १८७९चा वेगळा कायदा आला. सर्वसाधारण पेन्शन मात्र १८८५ साली सुरू झालं, वर्षाला ३० डॉलर. या १८८५च्या कायद्याची ११ मार्च ही तारीख लक्षात ठेवा. ती पुढच्या अर्जांतही छापलेली असते आणि तिच्यावरून अर्ज पडतात.

१९०१च्या कायद्याने चार वर्ग केले. पहिल्या वर्गात जखमेमुळे अंगमेहनतीला पूर्णपणे निकामी झालेले, त्यांना वर्षाला ७२ डॉलर. दुसऱ्यात गुडघ्याच्या वर पाय किंवा कोपराच्या वर हात गेलेले, ६० डॉलर. तिसऱ्यात गुडघ्याखाली पाय किंवा कोपराखाली हात गेलेले, किंवा अवयव अंगाला आहे पण जखमेमुळे अजिबात चालत नाही असे, ४८ डॉलर. चौथ्यात एक डोळा गेलेले, विधवा, आणि कोणत्याही कारणाने अंगमेहनत न करू शकणारे बाकीचे सगळे सैनिक, ३० डॉलर. हे आकडे वर्षाचे आहेत, महिन्याचे नाहीत. चौथ्या वर्गाच्या म्हाताऱ्याच्या हाती महिन्याला अडीच डॉलर पडतात. वर पेन्शनसाठी ठरवलेला निधी पुरला नाही तर सगळ्यांची रक्कम त्या प्रमाणात कापली जाते.

या चार वर्गांत एक गोष्ट ठळक दिसते. किती वर्षं लढला, कुठल्या लढाईत होता, हुद्दा काय होता, याला रकमेत काहीच किंमत नाही. चार वर्षं एकही दिवस न चुकवता लढलेला, पण धडधाकट आणि शंभर एकरांचा मालक असलेला माणूस अपात्र ठरतो. हे पेन्शन सेवेचं नाही, मोडलेल्या शरीराचं आणि गरिबीचं आहे. अर्जातला प्रत्येक रकाना याच दोन गोष्टी तपासतो.

गरिबीची तपासणी शपथेवर होते. अर्जदाराने सांगायचं की स्वतःच्या किंवा बायकोच्या हक्काने ५०० डॉलरची मालमत्ता नाही. इथे बाजारभाव धरत नाहीत, कर आकारणीसाठी लावलेली किंमत धरतात. म्हणून अर्जाआधी काउंटीच्या (म्हणजे जिल्ह्याच्या) करयादीत आपल्या नावापुढे आणि बायकोच्या नावापुढे काय आकडा आहे ते बघून घ्यावं. बायकोला माहेरकडून आलेली जमीन अनेकांच्या हिशेबातच नसते आणि अर्ज तिथे पडतो. दुसरी अट त्याहून अवघड आहे: ११ मार्च १८८५ नंतर एवढ्या किमतीची मालमत्ता बक्षीस म्हणून किंवा स्वखुशीने कुणाच्या नावे केलेली नसावी. थकलेला बाप मुलांच्या नावे शेत करतो आणि त्यांच्याकडे जेवतो, हे घरोघरी चालतं. कायदा मात्र ती जमीन बापाचीच धरतो. रास्त भावाने विकलेली जमीन यात येत नाही, पण विक्रीचा दस्त दाखवता आला पाहिजे. याशिवाय केंद्र, राज्य किंवा काउंटीच्या कुठल्याही पदावरून वर्षाला ३०० डॉलर पगार किंवा फी मिळत नसावी, आणि अंध-अपंग सैनिकांच्या वेगळ्या कायद्याखाली मदत चालू नसावी.

अर्ज काउंटीच्या सुपीरियर कोर्टाच्या क्लार्कसमोर होतो. छापील कागद एकच असतो, पण त्यावर तीन वेगळ्या माणसांच्या शपथा असतात: अर्जदाराची, साक्षीदाराची आणि डॉक्टरची. एकीची जागा रिकामी राहिली तरी कागद अपुरा. अर्जदाराच्या भागात वय, पोस्ट ऑफिस, कंपनीचं (पलटणीतल्या तुकडीचं) अक्षर, रेजिमेंटचा (पलटणीचा) क्रमांक, भरती झाल्याची तारीख, आणि जखम कुठे, कधी, कोणत्या राज्यात झाली हे भरायचं. अनेकांना लिहिता येत नाही. अशा वेळी क्लार्क नाव लिहितो, नाव आणि आडनाव यांच्या मधोमध म्हातारा फुली मारतो, आणि त्या फुलीच्या वर ‘हिज’, खाली ‘मार्क’ (मिळून ‘त्याची खूण’) अशी दोन शब्दांची नोंद होते. आपल्या जुन्या दस्तांवर ‘नि. डा. हा. अं.’ (निशाणी डाव्या हाताचा अंगठा) असतं त्याच जातीची ही खूण. एकदा डोळ्यांना सवय झाली की कागद उघडताक्षणी कळतं, हा माणूस सही करत नव्हता.

रेजिमेंटच्या क्रमांकात मोठा घोळ होतो. १८६१ साली राज्यात दोन प्रकारच्या पलटणी उभ्या राहिल्या, स्टेट ट्रूप्स आणि व्हॉलंटिअर्स, आणि दोघांचेही क्रमांक एकपासून सुरू झाले. गोंधळ नको म्हणून पुढे व्हॉलंटिअर्सच्या क्रमांकात दहा मिळवले: चौथीची चौदावी झाली, पाचवीची पंधरावी, सहावीची सोळावी. म्हाताऱ्याच्या तोंडी मात्र भरतीच्या दिवसाचा जुना क्रमांक बसलेला असतो. तो ‘पाचवी’ म्हणतो, क्लार्क पाचवीची यादी उघडतो, आणि नाव सापडत नाही. नाव न सापडलेला माणूस लगेच खोटा ठरवू नये. आधी क्रमांकात दहा मिळवून बघावं.

यादी म्हणजे बहुधा राज्याने १८८२ साली छापलेले चार खंड. त्यांत चुका पुष्कळ आहेत, आडनावांची अक्षरं बदललेली, माणसं गाळलेली. तिथे जमलं नाही तर वॉशिंग्टनच्या युद्ध खात्याला विचारता येतं. युद्धाच्या शेवटी हाती लागलेली कॉन्फेडरेट हजेरीपत्रकं त्या खात्याकडे आहेत, आणि १९०३ पासून एकेका सैनिकाच्या नावाने त्यांची कार्डं बनवायला घेतली आहेत. उत्तर कोरडं येतं: अमुक तारखेला भरती, अमुक महिन्यात हजर, अमुक दिवशी पकडला गेला. पण तेच उत्तर अर्ज बुडवूही शकतं. पळून गेल्याचा शेरा असेल तर पेन्शन नाही. कापणीपुरता घरी जाऊन पुन्हा पलटणीत परतलेला माणूस एखाद्या हजेरीपत्रकावर ‘विनापरवाना गैरहजर’ दिसतो. पुढच्या पत्रकावर तो हजर आहे हे दाखवून द्यावं लागतं. मेरीलँडमधल्या पॉइंट लुकआउट या युनियनच्या कैदी छावणीतल्या कैद्यांचंही तसंच. युद्ध संपल्यावर, १८६५च्या जूनमध्ये, निष्ठेची शपथ घेऊन सुटलेल्यांना अडचण नाही. १८६४ साली तिथूनच युनियनच्या पलटणीत भरती झालेल्यांची गोष्ट वेगळी. घरात पॅरोलचा (शरणागतीनंतर घरी सोडल्याचा) कागद असेल तर तो सोन्यासारखा जपावा, कारण शेवटपर्यंत पलटणीत होतो याचा त्याहून चांगला पुरावा नाही. २६ एप्रिल १८६५ला डरहॅमजवळच्या बेनेट प्लेसला कॉन्फेडरेट जनरल जॉन्स्टनने शरणागती पत्करली, त्यानंतर असे कागद वाटले गेले. जे त्या वेळी इस्पितळात किंवा रजेवर होते त्यांच्याकडे तो नसतो, त्यात त्यांचा दोष नाही.

साक्षीदार कोण असावा? फॉर्मप्रमाणे अर्जदाराला ओळखणारा, प्रतिष्ठित, आणि या अर्जात कसलाही हितसंबंध नसलेला माणूस पुरतो. तरी त्याच कंपनीतला सोबती मिळाला तर तोच आणावा. शेजारी फक्त ‘हा तोच माणूस’ एवढं सांगू शकतो. सोबती जखमेचा दिवस आणि जागा सांगतो. मुलगा किंवा जावई आणू नये.

आता डॉक्टरचा भाग, आणि माझ्या मते अर्जाचा खरा निकाल इथेच लागतो. ‘म्हातारा आणि अशक्त आहे’ एवढं लिहून दिलेला दाखला काही सिद्ध करत नाही. फॉर्म विचारतो ते हे, की अंगमेहनतीला किती असमर्थ, आणि कशामुळे. चांगला डॉक्टर अपूर्णांकात लिहितो, ‘तीन चतुर्थांश निकामी’ असं, आणि पुढे कारण जोडतो: गोळी उजव्या मांडीत शिरली, हाड मोडलं, पाय दोन इंच आखूड जुळला, नांगरामागे चालता येत नाही. वर्ग याच वाक्यावरून ठरतो. हात अंगाला आहे पण बोटं मिटत नाहीत, असं असेल तर ‘पूर्ण निरुपयोगी’ हे शब्द दाखल्यात हवेत, नाहीतर तिसऱ्या वर्गाचा माणूस चौथ्यात जातो आणि वर्षाला १८ डॉलर गमावतो. संधिवात, अंतर्गळ, म्हातारपणाची धाप ही कारणंही चालतात, पण त्यांवर चौथाच वर्ग मिळतो. जुनी जखम आणि म्हातारपण दोन्ही असतील तर डॉक्टरने जखम आधी लिहावी, व्रण कुठे आहे ते सांगावं, आणि मग बाकीचं. अर्जदाराने सांगितलेली जखम डावीकडे आणि दाखल्यात उजवीकडे, असे कागद येतात आणि अडकतात. शपथ घेण्याआधी दोन्ही भाग एकदा मोठ्याने वाचून घ्यावेत.

नवा अर्जदार जुलैच्या पहिल्या सोमवारपर्यंत काउंटीच्या पेन्शन मंडळापुढे हजर झाला पाहिजे. मंडळात कोर्टाचा क्लार्क आणि राज्य ऑडिटरने नेमलेली तीन माणसं बसतात. ते माणूस पाहतात, व्रण पाहतात, वर्गाची शिफारस करतात आणि कागद रॉलीला धाडतात. तिथे गव्हर्नर, ॲटर्नी जनरल आणि ऑडिटर यांचं राज्य मंडळ अंतिम ठरवतं. मंजूर झालं तर वर्षअखेरीस ऑडिटरकडून पैशाचा हुकूम काउंटीत येतो. काउंटी मंडळ दर वर्षी यादी तपासतं, म्हणून एकदा नाव लागलं की कायमचं लागलं असं समजू नये. अर्ज फेटाळला गेला तर पुढच्या जुलैत पुन्हा करता येतो. तेव्हा जुनाच कागद परत न देता जो भाग कच्चा होता तो नव्याने भरून घ्यावा.

सैनिक वारला की पेन्शन आपोआप बायकोकडे जात नाही. तिला स्वतःचा वेगळा अर्ज करावा लागतो: नवऱ्याच्या सेवेचा पुरावा, कायद्यात दिलेल्या तारखेपूर्वी लग्न झाल्याचा पुरावा, मालमत्तेची तीच शपथ. नवऱ्याच्या मंजूर अर्जाचा उल्लेख केला तर सेवा पुन्हा सिद्ध करायचा त्रास वाचतो. पुनर्विवाह केला असेल तर हक्क जातो.

या कायद्याबाहेर ठेवलेली माणसंही सांगितली पाहिजेत. मालकांबरोबर छावण्यांत नेलेले, खंदक खणणारे, स्वयंपाक करणारे, जखमींना उचलणारे गुलाम कृष्णवर्णीय १९०१च्या कायद्यात कुठेच नाहीत. मिसिसिपीने त्यांना १८८८लाच कायद्यात घेतलं. नॉर्थ कॅरोलिनाला १९२७ साल उजाडावं लागलं, आणि तोवर त्यांतले बहुतेक गेले होते. ज्या गुलामगिरीसाठी ते युद्ध झालं, तिचंच ओझं वाहिलेल्यांना सगळ्यांत शेवटी विचारलं गेलं. त्यांचे अर्ज संख्येने थोडे आहेत, पण सापडला तर आधी तो वाचा.

अभिलेखागारात शोधताना १८८५ आणि १९०१ या कायद्यांचे गठ्ठे वेगवेगळे आहेत, दोन्ही बघावेत. एकाच माणसाचा पहिल्या गठ्ठ्यात नामंजूर आणि दुसऱ्यात मंजूर अर्ज मिळू शकतो. आडनावाची दोन-तीन स्पेलिंग धरून शोधावं, आणि सैनिकाच्या नावाने काही लागलं नाही तर विधवेच्या नावाने.