हिरड्यांची सूज आणि पायोरिया: घरच्या काळजीचा वाटा किती?

दात घासताना रक्त येऊ लागले की खानदेशात बहुतेक घरांतून पहिला सल्ला मिठाच्या कोमट पाण्याने गुळण्या करण्याचा मिळतो. सल्ला वाईट नाही. मात्र ते रक्त दोन निरनिराळ्या अवस्थांमुळे येऊ शकते, आणि त्यांतल्या एकाच अवस्थेत घरची काळजी बहुतांशी पुरेशी पडते.

पहिली अवस्था म्हणजे हिरडीची साधी सूज, जिला डॉक्टर जिंजिव्हायटिस म्हणतात. दातांच्या मुळाशी साचलेल्या जंतूंच्या मऊ, चिकट थरामुळे हिरडीची कड लाल होऊन सुजते, पण दाताला धरून ठेवणारे हाड शाबूत असते. डेन्मार्कमधील एका प्रयोगात निरोगी हिरड्यांच्या माणसांना दात घासणे थांबवायला सांगितले होते. १९६५ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षांनुसार दोन-तीन आठवड्यांत सर्वांच्या हिरड्या सुजल्या, आणि घासणे पुन्हा सुरू झाल्यावर आठवडाभरात त्या पूर्ववत होऊ लागल्या. म्हणून या अवस्थेत मऊ ब्रश हिरडीच्या कडेला तिरपा धरून, दिवसातून दोनदा, दोन-दोन मिनिटे हलक्या हाताने घासणे आणि दातांमधल्या फटी रोज साफ करणे हाच मुख्य उपचार ठरतो. गुळण्यांनी आराम पडतो, पण तो चिकट थर त्यांनी निघत नाही.

दुसरी अवस्था म्हणजे पेरिओडोन्टायटिस, म्हणजेच आपल्याकडचा पायोरिया. येथे हिरडी दातापासून सुटून खोल कप्पे तयार होतात आणि आतले हाड झिजू लागते. निरोगी हिरडीत ही खोली साधारण १ ते ३ मिलीमीटर असते. ती ४ मिलीमीटर किंवा त्याहून अधिक झाली की ब्रश तिथे पोहोचत नाही, आणि लाळेतील क्षारांनी त्या चिकट थराचे बनलेले कठीण कीटण तर कोणत्याही मंजनाने सुटत नाही. ते दंतवैद्याला अवजारांनी मुळापर्यंत खरवडून काढावे लागते. झिजलेले हाड बहुधा पूर्ववत होत नाही, तरी झीज थांबवता येते.

या दोहोंत गल्लत होण्याचे मोठे कारण आपल्या भागात मिश्री, तंबाखू आणि बिडी हे आहे, आणि त्याबद्दल मला विशेष काळजी वाटते. विशेषतः बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांच्या हिरड्यांतून रक्त कमी येते, त्यामुळे आतून हाड झिजत असतानाही बाहेरून सारे ठीक दिसते. मिश्रीने दात घासणाऱ्या स्त्रियांना तर आपण दातांची निगाच राखतो आहोत असे वाटते. प्रत्यक्षात तो तंबाखूच रोज हिरडीवर चोळला जात असतो. रक्त थांबले म्हणजे रोग गेला, असे अशा व्यक्तीने मुळीच समजू नये. हिरडी खाली सरकणे, फटी वाढणे, पू किंवा सततची दुर्गंधी येणे, दात हलणे, यांपैकी काहीही दिसल्यास आधी तपासणी करून घ्यावी. मधुमेह असलेल्यांनी तर लक्षणांची वाटही पाहू नये, कारण साखर वाढली की हिरड्या बिघडतात आणि बिघडलेल्या हिरड्यांमुळे साखर आटोक्यात ठेवणे अवघड होते.

दात साफ करून घेतल्याने ते सैल होतात, हा समज अनेकांना दवाखान्यापासून दूर ठेवतो. हाड झिजलेल्या जागी कीटणानेच दात एकमेकांना जखडून ठेवलेले असतात. ते निघाल्यावर आधीपासून असलेली हालचाल जाणवते, आणि सूज उतरल्यावर ती अनेकदा कमीही होते. काही दिवस थंड पाणी झोंबते, पण ते बहुधा ओसरते. उलट उपचारानंतर घरची स्वच्छता सुटली तर त्याच कप्प्यांत जंतू पुन्हा वसती करतात. म्हणून पायोरियाच्या रुग्णाला सुरुवातीला साधारण दर तीन महिन्यांनी तपासणीला बोलावतात. नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्कलकुवा किंवा धडगावसारख्या दूरच्या भागातून येणाऱ्यांनी ही तारीख बाजाराच्या किंवा साखर तपासण्याच्या दिवसाशी जुळवून घेतल्यास ती चुकण्याची शक्यता कमी होते.