पिशवीचा कॅन्सर, पण नेमका कुठला?

‘मावशींना पिशवीचा कॅन्सर निघालाय.’ फोनवर एवढंच कळतं. गर्भपिशवीच्या तोंडाचा की आतल्या अस्तराचा, हे कुणी विचारत नाही. (नुसतं ‘तोंडाचा’ म्हटलं तर ऐकणारा तंबाखूवर घसरतो, तो भाग निराळा.) डॉक्टर पहिल्याला सर्व्हायकल म्हणतात, दुसऱ्याला एंडोमेट्रियल. अवयव एकच, आजार दोन.

पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर जवळजवळ नेहमी एचपीव्ही या विषाणूमुळे होतो. शरीरसंबंधातून आलेला हा विषाणू बहुतेकींच्या अंगातून आपोआप जातो. जिच्यात तो ठाण मांडतो, तिला कॅन्सर व्हायलाही सहसा 10-15 वर्षं लागतात, म्हणून तो आधीच पकडता येतो. व्हीआयए तपासणीत नर्स पिशवीच्या तोंडाला पातळ ॲसिटिक ॲसिड लावते, म्हणजे व्हिनेगरमधलंच आम्ल. मिनिटभर थांबलं की बिघडलेला भाग पांढरा पडतो आणि नुसत्या डोळ्यांनी दिसतो. एचपीव्हीची तपासणी याहून सरस. उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात, 30 ते 59 वयाच्या सव्वा लाखाहून जास्त बायकांचा अभ्यास झाला. 2009 साली निष्कर्ष आले: ज्या गटाला ही तपासणी एकदाच देऊ केली, त्यात या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्मे होते.

अस्तराच्या कॅन्सरचा या विषाणूशी संबंध नाही. तिथं हिशेब हार्मोन्सचा. इस्ट्रोजेन अस्तर वाढवतं, प्रोजेस्टेरॉन त्याला लगाम घालतं. लगाम सुटला की अस्तर वाढतच राहतं. पाळी गेल्यावरही चरबीत इस्ट्रोजेन तयार होत असतं, म्हणून जास्त वजन हे इथलं मोठं कारण. मधुमेह आणि पीसीओएस हा हार्मोन्सचा बिघाडही त्याच रांगेत. साहजिकच एचपीव्हीची लस इथं कामाची नाही. पॅप, म्हणजे पिशवीच्या तोंडाच्या पेशींची तपासणी, नॉर्मल आली म्हणून अस्तराची हमी मिळत नाही, आणि नेमका हाच घोटाळा सगळ्यात जास्त होतो.

लक्षणं काही वेळा सारखी असतात, तरी फरक जाणवतो. संबंधानंतर रक्त दिसणं, अंगावरून घाण वासाचं पाणी जाणं, हे बहुधा तोंडाकडे बोट दाखवतं. पाळी जाऊन पाच-सात वर्षं झाली आणि साडीला डाग पडला, तर आधी अस्तर तपासायचं. ‘उष्णता वाढली असेल’ म्हणत सब्जाचं पाणी पीत बसायचं नाही. डाग पडलेल्या बाईचं अस्तर सोनोग्राफीत 4 मिलिमीटरपेक्षा जाड दिसलं, तर बारीकसा तुकडा काढून तपासतात. अशा प्रत्येकीला कॅन्सर निघत नाही, बहुतेकींना नाहीच. पण ज्यांना निघतो त्यांचा या डागामुळेच अनेकदा लवकर सापडतो, आणि पिशवी, नळ्या, अंडाशय काढून बऱ्याच जणी बऱ्या होतात. तोंडाचा आजूबाजूला पसरलेला असेल तर मुख्य भिस्त शेकावर, म्हणजे रेडिएशनवर.

‘माझी पिशवी काढलीय, मला कसली भीती?’ असं म्हणणाऱ्या बाईनं डिस्चार्ज कार्ड काढून बघावं. काही ऑपरेशनांत पिशवी काढतात, तोंड मात्र तसंच ठेवतात.