सोने गहाण पडले तेव्हाचे नागपूर

इतवारीच्या सराफ्यात दागिना मोडायला आलेले गिऱ्हाईक वेगळे आणि गहाण टाकायला आलेले वेगळे. मोडणारा हिशेब संपवून जातो. गहाण टाकणारा मात्र परत येण्याच्या बोलीवर जातो. 1991 च्या मे महिन्यात देशाने जे केले ते या दोहोंच्या मधले होते. तस्करांकडून जप्त केलेले 20 टन सोने स्टेट बँकेमार्फत एका स्विस बँकेला विकले, पण परत विकत घेण्याचा हक्क राखून. त्यातून साधारण 20 कोटी डॉलर आले. जुलैत मग सरळ गहाणच. रिझर्व्ह बँकेचे जवळपास 47 टन सोने बँक ऑफ इंग्लंड आणि बँक ऑफ जपानकडे ठेवून सुमारे 40 कोटी डॉलर उचलले. काही महिन्यांत ते कर्ज फिटले. तरी ‘देशाचे सोने परदेशात गेले’ हे वाक्य लोकांच्या तोंडी राहिलेच.

2022 मध्ये श्रीलंकेने कर्जफेड थांबवली आणि जुलैत लोक राष्ट्राध्यक्षांच्या निवासात घुसले. ग्रीसमध्ये 5 जुलै 2015 ला सरकारने काटकसरीच्या अटींवर सार्वमतच घेतले आणि 61 टक्के लोकांनी ‘नाही’ म्हटले. अशा बातम्या आल्या की आपल्याकडे कोणीतरी विचारतोच, 1991 ला आपण एवढे शांत कसे राहिलो? माझ्या मते प्रश्नच चुकीचा आहे. आपण शांत नव्हतो. आपला राग एकदम न निघता हप्त्याहप्त्याने निघाला, तोही दुसऱ्याच नावांनी. आणि ते हप्ते मोजायला नागपूरसारखे गाव नाही.

आधी थोडा मागचा हिशेब. ऐंशीच्या दशकात सरकारचा खर्च उत्पन्नापेक्षा झपाट्याने वाढत गेला. 1990-91 मध्ये केंद्राची वित्तीय तूट राष्ट्रीय उत्पन्नाच्या आठ टक्क्यांवर गेली होती. बाहेरचे कर्ज वाढले आणि त्यातला अल्पमुदतीचा वाटाही वाढला. 2 ऑगस्ट 1990 ला इराकने कुवेत गिळले, तेल महागले, आखातातून येणारे पैसे आटले, अनिवासी भारतीयांनी ठेवी काढायला सुरुवात केली. चंद्रशेखर सरकारला पूर्ण अर्थसंकल्पही मांडता आला नाही. मार्चमध्ये सरकार पडले, मेमध्ये राजीव गांधींची हत्या झाली. जूनमध्ये परकीय गंगाजळी जेमतेम दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरती उरली होती.

21 जूनला पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव आम्हाला परके नव्हते. 1984 आणि 1989 मध्ये ते रामटेकमधून लोकसभेवर गेले होते, कायद्याचे शिक्षण नागपूर विद्यापीठातले, मराठी अस्खलित. 1991 ची निवडणूक मात्र त्यांनी लढवलीच नव्हती. म्हणजे ज्या माणसाने देशाच्या पोटाला चिमटा घ्यायचा, त्याने त्या वर्षी कोणाही मतदाराकडे मत मागितले नव्हते. (पुढे नोव्हेंबरमध्ये नंद्यालच्या पोटनिवडणुकीतून ते लोकसभेत आले.) ग्रीक मतदाराला निदान हो-नाही विचारले तरी गेले.

जुलै महिना धावपळीचा. 1 आणि 3 तारखेला रुपयाचे दोन टप्प्यांत अवमूल्यन झाले, एकूण साधारण 18-19 टक्के. पहिल्या टप्प्यानंतर राव कचरले आणि दुसरा थांबवायला सांगितले, पण तोवर रिझर्व्ह बँकेत डेप्युटी गव्हर्नर सी. रंगराजन यांनी काम उरकले होते, ही हकिकत आता प्रसिद्ध आहे. रावांच्या भीतीला कारण होते. 6 जून 1966 ला इंदिरा गांधींनी डॉलरचा भाव 4 रुपये 76 पैशांवरून 7 रुपये 50 पैसे केला आणि पुढच्याच वर्षी काँग्रेसला अनेक राज्यांत फटका बसला. अवमूल्यन म्हणजे देशाची नाचक्की, हे समीकरण त्या पिढीच्या मनात घट्ट बसलेले होते.

24 जुलैला डॉ. मनमोहनसिंग यांचा अर्थसंकल्प आला. त्याच दिवशी नवे औद्योगिक धोरणही आले, त्याचे कौतुक भरपूर झाले आहे. घरात जाणवले ते वेगळेच: पेट्रोल, घरगुती गॅस आणि रेशनची साखर महागली. खताच्या दरात 40 टक्के वाढ सुचवली होती. तिथे सरकारचे स्वतःचेच खासदार उठले. ऑगस्टमध्ये वाढ 30 टक्क्यांवर आली आणि अल्पभूधारकांना सूट मिळाली. काटकसरीला पहिला लगाम लागला तो विरोधकांकडून नव्हे, काँग्रेसच्या ग्रामीण खासदारांकडून. वर्षभराने, ऑगस्ट 1992 मध्ये, डीएपी आणि पोटॅश या खतांवरचे दरनियंत्रण उठले, युरिया मात्र सरकारी भावातच राहिला. परिणाम अजून शेतात दिसतो: स्वस्त म्हणून युरियाचा मारा, आणि पोटॅशच्या नावाने हात आखडता.

आता नागपूरच्या त्या आठवड्याकडे येऊ. 22 नोव्हेंबर 1991 रोजी नागपुरात स्वदेशी जागरण मंचाची स्थापना झाली. मागे होते दत्तोपंत ठेंगडी, वर्धा जिल्ह्यातल्या आर्वीचे, भारतीय मजदूर संघ या कामगार संघटनेचे संस्थापक. मंचाचे पहिले संयोजक डॉ. म. गो. बोकरे. ते नागपूर विद्यापीठाचे माजी कुलगुरू आणि मार्क्सवादी अर्थशास्त्रात मुरलेले अभ्यासक. राष्ट्रीय स्वयंसेवक संघाच्या परिवारातल्या संघटनेला विरोधाची अर्थशास्त्रीय भाषा पुरवायला असा माणूस यावा, हे दिल्लीतल्या कोणाला सुचले नसते. इथे कोणी फार डोळे विस्फारले नाहीत.

बरोबर सात दिवसांनी, 29 नोव्हेंबरला, डाव्या कामगार संघटनांनी देशभर संप केला. मुद्दा तोच, आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने कर्जासाठी घातलेल्या काटकसरीच्या अटी. संपातल्या आयटक या डाव्या कामगार संघटनेचे मोठे नेते अर्धेंदुभूषण बर्धन हेही नागपूरचेच. 1957 मध्ये ते इथूनच अपक्ष आमदार झाले होते आणि पुढे 1996 ते 2012 भाकपचे सरचिटणीस राहिले. भारतीय मजदूर संघ मात्र त्या संपात उतरला नाही. शत्रू एक, गाव एक, आठवडाही एक, पण झेंडे दोन आणि वाटाही दोन. जून 1992 मध्ये डाव्यांचा आणखी एक देशव्यापी संप झाला आणि त्याच सुमारास मंचाची स्वदेशी वस्तूंची मोहीम घरोघरी फिरत होती. डिसेंबर 1992 मध्ये अयोध्या घडली. त्यानंतर टूथपेस्ट कोणत्या कंपनीची घ्यावी यावर भांडायला कोणाला उसंत नव्हती. एवढे मात्र ठेंगडींच्या बाजूने लिहिले पाहिजे की पुढे वाजपेयींचे, म्हणजे आपल्याच विचारांचे सरकार आले तरी त्यांनी टीका थांबवली नाही. त्या सरकारचे अर्थमंत्री होते यशवंत सिन्हा. मे 1991 मध्ये सोने बाहेर गेले तेव्हाचे अर्थमंत्रीही तेच.

तिसरा सूर याहून अनपेक्षित. विदर्भातल्या कापूस पट्ट्यात शरद जोशींच्या शेतकरी संघटनेचा जोर होता आणि जोशी खुल्या व्यवस्थेच्या बाजूने उभे राहिले. त्यांचे म्हणणे असे की सरकार खतावर अनुदान देते आणि निर्यातबंदी, झोनबंदी (एका भागातला माल दुसऱ्या भागात नेण्यास बंदी) लादून त्याच्या कितीतरी पट भाव काढून घेते. म्हणजे शेतकऱ्याची सबसिडी प्रत्यक्षात उणे आहे. महाराष्ट्रात 1972 पासून कापसाची एकाधिकार खरेदी होती. आपला कापूस शेजारच्या राज्यात नेऊन विकणे हा गुन्हा होता. त्यामुळे ‘घामाचे दाम’ मागणाऱ्यांना सरकारचा हात आखडला तर त्याचे दुःख नव्हते, उलट तो हात कापसावरूनही उठावा असे वाटत होते. उत्तरेत टिकैत आणि कर्नाटकात नंजुंडस्वामी हे शेतकरी नेते डंकेल प्रस्तावाविरुद्ध, म्हणजे जागतिक व्यापार खुला करणाऱ्या गॅट कराराच्या मसुद्याविरुद्ध, रान उठवत असताना विदर्भातले शेतकरी संघटनेचे बिल्लेवाले त्याचे समर्थन करत होते. ती आशा कितपत फळली हा वेगळा आणि कडवट विषय आहे. इथे एवढेच की शेतकरी म्हटला की तो काटकसरीच्या विरोधातच असणार, हे गृहीत धरता येत नाही.

उरले गिरणी कामगार. त्यांचा आवाज सर्वांत बारीक होता, कारण तो आधीच बसला होता. जमशेदजी टाटांची एम्प्रेस मिल 1 जानेवारी 1877 ला सुरू झाली. एकोणिसाव्या शतकातच तिथे पेन्शनची सोय होती, 1901 मध्ये प्रॉव्हिडंट फंड आला, आणि इंदोऱ्याकडे कामगारांसाठी बेझनबाग वसले, मिलचे व्यवस्थापक बेझनजी मेहता यांच्या नावाने. 1986 मध्ये टाटांनी हात काढून घेतला आणि राज्य सरकारच्या महामंडळाने ती चालवायला घेतली. म्हणून 1991 ने मिल बुडवली असे म्हणणे खोटे ठरेल. ती आधीच आजारी होती. 1991 नंतर बदलले ते एवढेच की आजारी गिरणी पोसणे हे सरकारचे कर्तव्य आहे, असे म्हणणारे सरकारात कोणी उरले नाही. सरकारी उद्योगही आजारी उद्योगांच्या मंडळापुढे जाऊ लागले, फेब्रुवारी 1992 मध्ये काम गमावणाऱ्या कामगारांसाठी राष्ट्रीय नूतनीकरण निधी निघाला आणि स्वेच्छानिवृत्ती हा शब्द घराघरात आला. त्यातली स्वेच्छा किती, हे घरी बसलेल्यालाच विचारावे. 2002 मध्ये एम्प्रेसचा भोंगा कायमचा थांबला. गांधीसागराच्या काठी त्या जागेवर आता मॉल आहे.

काटकसरीचा शेवटचा हप्ता सर्वांत उशिरा आला आणि तो नोकरदारांच्या वाट्याला गेला. 2003 मध्ये केंद्राने तुटीला कायद्याने वेसण घातली, 2005 मध्ये महाराष्ट्रानेही तसाच कायदा केला. 1 जानेवारी 2004 पासून केंद्राच्या आणि 1 नोव्हेंबर 2005 पासून राज्याच्या नव्या कर्मचाऱ्यांची जुनी पेन्शन बंद झाली. तेव्हा फारसा गलका झाला नाही, कारण ज्यांचे जायचे होते ते अजून नोकरीतच लागले नव्हते. ते लागले, त्यांची पोरे शाळेत गेली, निवृत्तीचा हिशेब कागदावर मांडून झाला, आणि मग डिसेंबर 2022 च्या हिवाळी अधिवेशनात ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’ म्हणत ते नागपूरच्या रस्त्यावर उतरले. मार्च 2023 मध्ये राज्यभर सात दिवसांचा संप झाला. त्या मोर्चातल्या कित्येकांचा 1991 साली जन्मही झालेला नव्हता.